बॉनेटवरचा डाग

सुमेध, तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात अकरा जण बोलले आणि अकराही जणांनी तू आयुष्यात कधी कुणावर रागावला नाहीस असं सांगितलं. मी मागे दाराजवळच्या खुर्चीवर बसून मोजत होतो. तुझा मॅनेजर म्हणाला, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी हा बाहेरून गप्पा मारायचा, त्यांना हसवायचा. स्कोफिल्ड्सचा तुझा शेजारी म्हणाला, "नेव्हर अ क्रॉस वर्ड, मेट." लोक माना डोलवत होते. मला उठून माइक हिसकावून घ्यावासा वाटत होता. या माणसाने बारा वर्षांच्या मैत्रीनंतर एका मेसेजवर मला हाकलून दिलं आणि आठ महिने त्यावर तोंड उघडलं नाही, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. पण पहिल्या रांगेत तुझी बायको स्नेहल बसली होती, शेजारी तुमची नऊ वर्षांची लेक यशू. मी गुपचूप जेवलो आणि केलीव्हिलला घरी आलो.

म्हणून इथे बोलतो. आता तरी ऐकून घे. तसंही मधेमधे बोलायची खोड माझी, तुझी नव्हे.

गाडीची खाज मुळात तुझी होती, हे आधी सांगून टाकतो, कारण नंतर सगळ्या ग्रुपमध्ये हौशी म्हणून नाव माझंच झालं. किट कार म्हणजे काय हे मला ठाऊकही नव्हतं. तू फोनवर फोटो दाखवलास. कारखान्यात न बनलेली, कुणीतरी सुटे भाग मागवून घरच्या शेडमध्ये जोडलेली, दोन माणसांची, बिनछपराची, बुटकी गाडी. अंग फायबरचं, इंजिन एका जुन्या जपानी सेडानचं. मी म्हटलं, ही गाडी आहे की बाथटब? तू म्हणालास, "शनिवारी गोलबर्नच्या पुढे जायचंय. येतोस का?" मी आलो. मी नेहमीच यायचो, हेही त्या अकरा जणांपैकी कुणाला माहीत नव्हतं.

विकणारा बॅरी नावाचा म्हातारा होता. "शी जस्ट नीड्स अ बिट ऑफ लव्ह," असं तो तीनदा म्हणाला. तिला खरं तर नवा रेडिएटर हवा होता, नवे ब्रेक हवे होते, झाडून सगळे रबरी पाइप नवे हवे होते आणि डाव्या सीटमध्ये संसार थाटलेल्या उंदरांना दुसरं घर हवं होतं. तिची रेगो संपून कित्येक वर्षं झाली होती, म्हणजे रस्त्यावर उतरवायचा परवानाच नव्हता. मी तुला कोपराने ढोसत होतो. तू मात्र गाडीकडे बघतच नव्हतास. तू बॅरीची फाइल वाचत उभा होतास.

ती फाइलच आपल्याला नडली. बॅरीने गाडी जोडताना केलेलं एकेक काम त्यात एकेका ओळीत लिहिलं होतं. पुढे नाव, आणि ओळीच्या शेवटी एक चौकोन. सगळी कामं बॅरीची आणि चौकोनातल्या सगळ्या टिका त्याच्या बायकोच्या. "नेव्हर टिक युअर ओन वर्क," तो म्हणाला. ज्याने काम केलं त्याने टिक करायची नाही. दुसऱ्याने वाकून, हात लावून तपासायचं आणि मग टिक करायची. तुझा चेहरा असा उजळला की मी समजलो, आता ही गाडी गळ्यात पडणार. तुमच्या लिफ्टच्या कामातही हाच नियम होता म्हणे. मी इन्शुरन्सच्या ऑफिसात लोकांचे अपघात कागदावर बघणारा माणूस, मला हसू आलं. परतीच्या वाटेवर, ट्रेलरवर गाडी बांधलेली असताना, तू मला तो नियम शपथ घ्यावी तसा म्हणायला लावलास.

दोन वर्षं प्रत्येक शनिवारी तुझ्या गॅरेजमध्ये. दोन वर्षं मी तुझा छळ सहन केला. एक बोल्ट आवळायला तू जेवढा वेळ लावायचास तेवढ्यात माझी अंघोळ होऊन चहा झाला असता. बॅरीने सगळ्या वायरी एकाच तपकिरी रंगाच्या वापरल्या होत्या. मी म्हटलं अंदाजाने जोडू, तर तू प्रत्येक वायरीला चिठ्ठी चिकटवत बसलास. मी केलेलं काम तपासताना तू काही बोलायचा नाहीस, नुसता पाना उचलायचास, आणि मला कळायचं की मी नापास झालो. एखादा माणूस चार शिव्या देतो, मोकळा होतो. तू पाना उचलायचास. याच्याइतकं अपमानास्पद मी काही पाहिलेलं नाही.

आणि रंगावरून झालेलं भांडण. तुला निळा हवा होता. मी म्हटलं, नको रे, उगाच मोर्चाची गाडी वाटेल. तू हसलास. मलाही वाटलं, हसला. शेवटी माझ्याच हट्टाने पांढरा ठरला.

बाबा गेले तो शनिवार मात्र मी विसरलेलो नाही, तो तुझ्या खात्यावर राहील. पुण्याहून सकाळी फोन आला, विमान दुसऱ्या दिवशीचं होतं, आणि घरी बसवेना म्हणून मी तुझ्याकडे आलो. तू "काय झालं, कसं झालं" काही विचारलं नाहीस. कार्ब्युरेटर उघडून माझ्यासमोर ठेवलास, ब्रश दिलास, म्हणालास, "हा साफ कर." जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसला होता. मी अख्खी दुपार तो खरवडत होतो आणि रडत होतो, तू शेजारी फरशीवर बसून उगाचच स्क्रू पुसत होतास. संध्याकाळी तू तो भिंगाखाली तपासलास आणि टिक केलीस. त्यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानतो. पण त्याने तुझी सुटका होत नाही.

ब्रेक मी केले होते. संपूर्ण. तांब्याचे पाइप मी वाकवले, जोड मी बसवले. शेवटी नळ्यांतली हवा काढायची तेव्हा दोन माणसं लागतात, म्हणून तू सीटवर बसलास आणि मी चाकाशी आडवा झालो. "दाब." "दाबलं." "धर." "धरलंय." मी नट सैल करायचो, बुडबुडे यायचे, नट आवळायचो. "सोड." "सोडलं." चारही चाकांना, तासभर. दुसरा काही विषय नाही, चार शब्द. मला वाटतं आपण दोघं एकमेकांशी तेवढं नीट पुन्हा कधी बोललो नाही.

आणि मग दसरा आला.

गाडीला रंग देऊन तीनच दिवस झाले होते. तू बजावून ठेवलं होतंस, आठ दिवस बोट लावायचं नाही. मी रजा टाकली होती. इंडियन दुकानातून झेंडू आणले, नारळ, लिंबं, हळद, तेलात कालवलेलं कुंकू. आमच्याकडे दसऱ्याला सायकलसुद्धा पूजेशिवाय राहिली नाही कधी, आणि ही तर आपण हाताने केलेली पहिली गाडी. मी सकाळी येऊन गॅरेजचं दार वर केलं तर तुम्ही तिघं ड्राइव्हवेवर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. तुलाही रजाच होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता हॉलमध्ये. स्नेहलच्या हातात जेवणाचे डबे होते.

"चल की तूही," तू म्हणालास. "जेवण तिथेच आहे."

"येतो ना. आधी पाच मिनिटं हिची पूजा उरकू."

"केदार, आज नको."

"अरे पाच मिनिटं! नारळ फोडतो, चाकाखाली लिंबं ठेवतो, झालं."

"पेंट ओला आहे."

"एक स्वस्तिक काढल्याने काय होतंय?"

"उद्या कर. हवं तर रोज कर. पण माझ्या दारात आज नको."

आणि मी म्हणालो, अगदी हसत, तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "अरे, गाडीला जात नसते, सुमेध."

तू माझा हात काढला नाहीस. यशू म्हणाली, "बाबा, वी आर लेट." तुम्ही तुमच्या रोजच्या गाडीत बसलात आणि गेलात. स्नेहल माझ्याकडे बघत होती, काचेतून, वळेपर्यंत.

मी काय केलं माहीत आहे? पूजा केली. एकट्याने. तुझ्या रिकाम्या घरासमोर, तुझ्या ड्राइव्हवेवर नारळ फोडला, बॉनेटवर चांगलं वीतभर स्वस्तिक काढलं, आणि खोबऱ्याचे दोन तुकडे तुझ्या हत्यारांच्या ट्रॉलीवर प्रसाद म्हणून ठेवून आलो. तुमच्या हॉलवर आलो नाही. हळद आणि तेलातलं कुंकू त्या ओल्या रंगात मुरलं ते मुरलंच.

दहा दिवसांनी तुझा मेसेज. "ब्रेकचं काम मला पटलेलं नाही. यापुढे गाडीचं मी एकटा बघतो." बस. इतकंच.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! ब्रेक? माझे ब्रेक? ज्यांच्यावर तासभर तूच पाय ठेवून बसला होतास? दुसरं काहीही म्हणाला असतास तर चाललं असतं. मी केलीव्हिलपासून पॉइंट कुकपर्यंत, मेलबर्नच्या मित्रांनाही फोन करून सांगितलं, की बघा, दोन वर्षं राबवून घेतलं आणि आता माझ्या कामाला नावं ठेवतोय. सगळे म्हणाले, सुमेध असं करणार नाही. म्हणजे मीच खोटा.

मधे एकदाच भेटलास, दुकानात, कणकेच्या पिशव्यांपाशी. "बरा आहेस?" तू विचारलंस. मी म्हटलं, "ब्रेक लागतात ना गाडीचे?"

तू म्हणालास, "लागतात."

मी ट्रॉली वळवून निघून गेलो. हे आपलं शेवटचं बोलणं. तुला नंतर सहा आठवडेच होते, आणि ते तुलाही माहीत नव्हतं.

कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात स्नेहलचा फोन आला. गाडी कुणाला देता येण्यासारखी आहे का, एवढं बघून सांग म्हणाली. दुसऱ्या कुणाला त्यातलं कळत नाही. मी लगेच निघालो, आणि खरं सांगतो, तुझ्या दुःखाने नाही निघालो. माझे ब्रेक बघायला निघालो. आठ महिने मला एकच गोष्ट सिद्ध करायची होती आणि आता मला अडवायला तू नव्हतास.

जॅक लावला, चारही चाकं काढली. पाइप माझेच होते. उजव्या मागच्या चाकाजवळचा तो जरा वाकडा बाकसुद्धा माझाच. तू एकालाही हात लावला नव्हतास. मग फाइल उघडली. "ब्रेक, संपूर्ण. केदार." आणि चौकोनात तुझी टिक, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातली. खाली तुझ्या बारीक अक्षरात, "उत्तम काम."

मी त्या फरशीवर बसलो आणि तुला मोठ्याने शिवी दिली. स्नेहल आतून धावत आली.

"खोटं बोलला तो," मी म्हटलं. "ब्रेक ठीक होते. त्याला माहीत होतं."

"मग?" ती म्हणाली.

"मग मला असं का लिहिलं?"

"तुला खरंच माझ्याकडून ऐकायचंय, केदार?"

मी म्हटलं, माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, सणाचा दिवस, सहज बोलून गेलो. ती तिथेच दाराशी उभी राहिली. "बारा वर्षं ओळखतोस तू त्याला," ती म्हणाली. "तुला ठाऊक नव्हतं, हे मला सांगू नकोस. दुसऱ्या कुणालाही सांग."

तर आता ऐक, सुमेध. मला ठाऊक होतं.

पहिल्याच वर्षी, हॅरिस पार्कच्या त्या घरात आपण पाच जण राहायचो तेव्हा, तूच सांगितलं होतंस. युनिव्हर्सिटीतून येताना मी दसरा म्हणून नारळ आणला होता. तू म्हणालास, तुझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तो हा दिवस. घरातले सगळे देव त्यांनी टोपलीत घालून नदीत सोडले, आणि तेव्हापासून तुमच्या घरात नारळ फक्त चटणीसाठी फुटतो. मी पोट धरून हसलो होतो. मग तू हेही सांगितलंस, की ज्या देवळाच्या पायरीवर आजोबांना चढू दिलं नाही तिथल्या उत्सवाचं लाकूड तेच फोडून द्यायचे. तेव्हा मी हसलो नव्हतो. मला सगळं ठाऊक होतं. मी त्या सकाळी गॅरेजचं दार उघडलं तेव्हा ठाऊक होतं, तुमचे पांढरे कपडे पाहिले तेव्हा ठाऊक होतं, आणि "जात नसते" म्हणताना तर पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर नेमका तोच शब्द तोंडात आला. मला वाटलं, तू मनाला लावून घेणार नाहीस. तू कधीच घेत नाहीस. पानाच तर उचलतोस.

पण तूही काही संत नाहीस. तोंडावर बोलायचं होतंस. ड्राइव्हवेवर माझी कॉलर धरायची होतीस. ब्रेकचं ते थापाडं कारण कशाला दिलंस? मला खरं ऐकायला लागू नये म्हणून? की खरं सांगून मी त्यावरही काहीतरी विनोद करेन, याची तुला खात्री होती? ही दुसरी गोष्ट असेल तर मला तुझा फार राग येतो. आणि तीच असणार.

त्यापुढची पानं उलटली तेव्हा तर हात उचलावासा वाटला. दसऱ्यानंतरची आठ महिन्यांची कामं तू एकट्याने केली होतीस. दिवे, सीट, क्लच, हँडब्रेक. प्रत्येक ओळीत "सुमेध", आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी चौकोन रिकामा. एकही टिक नाही. स्नेहलकडून करून घ्यायची होतीस. बॅरीची बायकोच तर करायची. "मी म्हटलं होतं," स्नेहल म्हणाली. "तो म्हणाला, तपासणारा येईल." मला मेसेज करून हाकललंस, आणि चौकोन माझ्यासाठी रिकामे ठेवलेस! एक फोन, सुमेध. अरे, एक फोन करायचा होता. मीही करायचा होता, ते निराळं.

शेवटच्या पानावर "उरलेली कामं" होती. त्यात एकच ओळ. "बॉनेटवरचा डाग. केदार."

गाडीच्या पुढच्या भागावर चादर तशीच होती, ती मी ओढून काढली. डाग तसाच होता. कडा पसरून आकार गेलेला, पिवळा, मधे गंजल्यासारखा लाल. तुझ्याकडे थिनर होतं, सँडपेपर होता, अर्ध्या दिवसाचं काम. तू त्याला हात लावला नव्हतास. आठ महिने त्याच्याकडे बघत दिवे जोडलेस.

गेले चार शनिवार मी तुझ्या गॅरेजमध्ये येतोय. आधी तुझी कामं तपासली, एकेक, वाकून, हात लावून, तुझ्यासारखीच चेंगटपणे. तेवीस ओळी. रेडिएटरच्या पाइपाचा एक क्लॅम्प सैल सापडला. काय आनंद झाला म्हणून सांगू! मी काही बोललो नाही, नुसता पाना उचलला. मग तेवीस टिका केल्या.

मग डाग. पाणी आणि बारीक सँडपेपर, हाताने. मला वाटलं होतं वरवर असेल. रंग गेला तरी पिवळा खाली होताच, प्रायमरमध्ये उतरलेला. प्रायमरही काढला. शेवटी उघडं फायबर दिसलं तेव्हा कुठे थांबलो. बोटांची सालं निघाली आहेत. स्नेहल दोनदा चहा ठेवून गेली, बसली नाही. मी विचारलं, रंग कुठला मारू? ती म्हणाली, "ते मी आणि यशू ठरवू." बरोबर आहे.

चुकलो मी, सुमेध. हे वाक्य ड्राइव्हवेवर एका मिनिटात होऊन गेलं असतं. कणकेच्या पिशव्यांपाशी झालं असतं. आता ते रिकाम्या गॅरेजमध्ये म्हणावं लागतंय, आणि समोर फक्त ही बुटकी गाडी.

काल फाइल बंद करायला घेतली. एक चौकोन उरलाय, शेवटचा. स्नेहलने पेन पुढे केलं. मी म्हटलं, स्वतःच्या कामाला टिक करता येत नाही, तू कर. तिने खूप वेळ बॉनेटकडे पाहिलं, त्या उघड्या जागेवरून एकदा हातही फिरवला, आणि पेनचं टोपण लावून टाकलं. "हे माझं काम नाही," ती म्हणाली.

मग कुणाचं, ते तुला माहीत आहे. डाग काढलाय. ये आणि तपास.